जडत्वाचे मूळ आणि हरलेले सिद्धांत

दिल्लीत संसदेच्या नव्या इमारतीत, कॉन्स्टिट्यूशन हॉलच्या छताला फूकोचा लंबक टांगला आहे. त्याच्या झोक्याची दिशा जमिनीच्या संदर्भात सावकाश वळत जाते आणि दिल्लीच्या अक्षांशावर सुमारे ५० तासांत एक फेरा पुरा होतो. लंबक आपली दिशा राखतो आणि पृथ्वी फिरते, हे सगळ्यांना पाठ असते. पण ही दिशा तो कशाच्या संदर्भात राखतो? न्यूटनचे उत्तर होते, निरपेक्ष अवकाशाच्या. एर्न्स्ट माखने १८८३ च्या यांत्रिकीवरील ग्रंथात ते नाकारले. जे अवकाश इतरांवर परिणाम करते पण स्वतःवर कशाचाच परिणाम होऊ देत नाही, त्याला कारण मानण्यात अर्थ नाही. जडत्वाचा शोध दूरच्या ताऱ्यांपाशी घ्यायला हवा, अशी त्याची दिशा होती. जडत्वाची चौकट आणि दूरच्या दीर्घिकांची चौकट जुळतात, हे मोजमापाने सिद्ध आहे. तो योगायोग मानायचा की त्यामागे कारण शोधायचे, या एका प्रश्नापाशी पर्यायी सिद्धांतांचा सारा इतिहास येऊन थांबतो.

या प्रश्नाला भिडलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. नंतरच्या लेखांत एक सूर वारंवार ऐकू आला: लेखक थोर, आयुकाचे शिल्पकार थोर, पण विश्वरचनेत त्यांनी चुकीची बाजू धरली. या निवाड्यात दोन गोष्टींची गल्लत आहे. स्थिर स्थितीचे, म्हणजे पसरत असूनही घनता न बदलणारे विश्व ही एक गोष्ट, आणि १९६४ चा हॉईल-नारळीकर गुरुत्वसिद्धांत ही दुसरी. पहिलीला १९६५ साली जाहीर झालेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारणाच्या शोधाने जबर धक्का दिला, यात वाद नाही. दुसरीने माखचा प्रश्न गणितात बसवला, आणि तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

पर्यायी सिद्धांतांचा जुना पसारा इथे फार उलगडत नाही. वेबरने १८४६ मध्ये विद्युतभारांतले बल त्यांच्या सापेक्ष वेगावर आणि त्वरणावर बेतले. मधल्या क्षेत्राची त्याला गरज नव्हती. त्याने कोलराउशसह १८५६ मध्ये मोजलेल्या गुणोत्तरात प्रकाशाचा वेग दडलेला होता आणि मॅक्सवेलने तोच आकडा वापरला, एवढे मात्र नोंदवायला हवे. हरलेल्या पक्षाच्या मोजमापावर जिंकलेला पक्ष उभा राहिला. प्रकाशाचा वेग त्याच्या उगमाच्या वेगावर बेतणारा रिट्झचा १९०८ चा सिद्धांत द सिटरने १९१३ मध्ये जोडताऱ्यांच्या आधारे मोडीत काढला. पुढे जाऊ.

दिल्लीचा स्वतःचा एक अध्याय मात्र विसरला गेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये इथे फेडरल कोर्ट सुरू झाले, तेव्हा सर मॉरिस ग्वायर आणि आपले मुकुंदराव जयकर यांच्यासह पीठावर सर शाह सुलेमान होते. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असतानाच त्यांनी न्यूटनची चौकट राखून गुरुत्वाला मर्यादित वेग देणारी नवी सापेक्षता मांडायला सुरुवात केली होती. सूर्याजवळून जाणाऱ्या प्रकाशाचे वळण आइन्स्टाइनच्या १.७५ विकलांहून मोठे यायला हवे, असे त्यांचे गणित सांगत होते. हे अगदीच हवेतले नव्हते; १९२९ च्या ग्रहणात फ्रॉइंडलिखच्या जर्मन तुकडीला सुमात्रात २.२४ विकला मिळाले होते, आणि १९३६ च्या ग्रहणातले सोव्हिएत मोजमापही १.७५ च्या वरच निघाले. पुढे रेडिओ दुर्बिणींनी आइन्स्टाइनचा आकडा पक्का केला आणि सुलेमान हरले. पण त्यांनी आकडा दिला होता, म्हणूनच त्यांना हरवता आले. सिद्धांत म्हणवून घेण्याची ही पहिली अट आहे.

आता हॉईल-नारळीकरांकडे येऊ. त्यांची सुरुवात गुरुत्वापासून झाली नाही, विद्युतगतिकीपासून झाली. मॅक्सवेलची समीकरणे काळाच्या दोन्ही दिशांना सारखीच लागू पडतात, तरी लहरी भूतकाळाकडे जाताना दिसत नाहीत. व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये क्षेत्र बाजूला सारून भारांचा थेट परस्परसंबंध मानला. हललेला भार अर्धा प्रभाव भविष्याकडे पाठवतो, अर्धा भूतकाळाकडे. भविष्यातले शोषक पदार्थ त्याला प्रतिसाद देतात. तो प्रतिसाद मागे येऊन मूळ भारापाशी, तो हलतो त्याच क्षणी पोचतो, भूतकाळाकडचा अर्धा भाग रद्द करतो आणि पुढचा अर्धा पूर्ण करतो. अट इतकीच की भविष्याने सारे प्रारण शोषले पाहिजे. हॉगार्थने १९६२ मध्ये विचारले की प्रसरणशील विश्वात हे होईल का. हॉईल-नारळीकरांनी दाखवले की सतत विरळ होणाऱ्या आइन्स्टाइन-द सिटर विश्वात ते होत नाही, स्थिर घनतेच्या विश्वात होते. टेबलावरच्या दिव्याचा उजेड आणि विश्वाचे भवितव्य एका गणितात आले. विसाव्या शतकातल्या भौतिकीत इतका धाडसी धागा मला दुसरा दिसत नाही.

तीच पद्धत त्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाला लावली. कणाचे वस्तुमान हा त्याचा खासगी गुण राहिला नाही. विश्वातल्या बाकी सर्व कणांच्या योगदानांची ती बेरीज झाली. एकट्या कणाला जडत्व नाही, आणि रिकाम्या विश्वाला अर्थ नाही. कण पुष्कळ असले की आइन्स्टाइनची समीकरणे मिळतात, शिवाय गुरुत्व आकर्षकच का, याचे उत्तर सिद्धांतातूनच निघते. आइन्स्टाइनच्या समीकरणांत ते चिन्ह बाहेरून घालावे लागते.

आक्षेप गंभीर होते. रॉयल सोसायटीतल्या मांडणीच्या वेळीच तरुण स्टीफन हॉकिंग यांनी दाखवले की प्रसरणशील विश्वात भविष्याकडून येणारे योगदान अनंत होते. त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. १९९८ मध्ये विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दिसले. अशा विश्वात भविष्यकालीन क्षितिज असते आणि ती बेरीज तिथे तुटू शकते, अशी मांडणी पुढे झाली. पण त्याच विश्वात पदार्थ विरळ होत जातो, म्हणजे विद्युतगतिकीला लागणारा शोषक दुबळा पडतो. एका हाताने मिळाले ते दुसऱ्या हाताने गेले, आणि हा पेच खरोखर खुला आहे. दुसरा आक्षेप असा की हिग्ज कणाने वस्तुमानाचा प्रश्न मिटवला. हिग्ज क्षेत्र इलेक्ट्रॉनला आणि क्वार्कना वस्तुमान देते. प्रोटॉनचे बहुतेक वस्तुमान तर प्रबळ बलाच्या ऊर्जेतून येते. लंबक दूरच्या दीर्घिकांशी का जुळवून घेतो, याचे उत्तर दोहोंतही नाही. व्यापक सापेक्षतेत फिरते पिंड आसपासच्या चौकटीला ओढतात आणि ग्रॅव्हिटी प्रोब बी उपग्रहाने २०११ मध्ये ते दाखवले, हे खरे. पण गॉडेलने १९४९ मध्ये त्याच समीकरणांतून संपूर्णच फिरणारे विश्व काढले होते. माखचे तत्त्व त्या समीकरणांत सामावलेले नाही, याचा याहून सरळ पुरावा कोणता?

आज या साऱ्याची जागा दोन टोकांनी घेतली आहे. एकीकडे पाठ्यपुस्तके फक्त जिंकलेले सिद्धांत शिकवतात, त्यामुळे विद्यार्थ्याला आक्षेप कसा घ्यावा हे कळतच नाही. दुसरीकडे आइन्स्टाइन खोटा ठरवणाऱ्या पुस्तिका निघतात, ज्यांत एकही आकडा नसतो आणि म्हणून ज्यांना हरवताही येत नाही. या दोहोंच्या मधला रस्ता सुलेमान आणि नारळीकरांचा होता. दिल्लीच्या महाविद्यालयांत भौतिकी शिकवणाऱ्या मराठी प्राध्यापकांना माझी विनंती आहे: एमएस्सीच्या वर्गात १९६४ चा तो शोधनिबंध आणि त्यावरचा हॉकिंग यांचा आक्षेप, दोन्ही शेजारी ठेवून शिकवा.