वृक्षांचे चलत्कॅमेरा छायाचित्रण
उद्‌भासन चालू असताना, म्हणजे शटर उघडे असताना, कॅमेरा हेतुतः हलवून वृक्षांची चित्रे घेण्याची पद्धती. अशा धूसरतेला रंगीत छायाचित्रणात प्रतिष्ठा मिळवून देण्यात अर्न्स्ट हास (१९२१–८६) यांचा वाटा मोठा आहे; त्यांचे गाजलेले विषय मात्र बैलझुंजीसारखे स्वतःच गतिमान होते. वृक्ष स्थिर असतो, गती कॅमेऱ्याला द्यावी लागते. साग, निलगिरी अशा सरळ खोडांसाठी कॅमेरा उभ्या दिशेने फिरवतात. खोडाच्या कडा हालचालीला समांतर असल्याने बऱ्याच अंशी टिकतात; पर्णसंभार रंगपट्ट्यांत विरघळतो. शटर साधारणतः १/८ ते १ सेकंद उघडे ठेवतात.

खरी अडचण बदलत्या प्रकाशाची. पट्ट्याची लांबी हालचालीचा वेग व उद्‌भासनकाल यांच्या गुणाकाराइतकी असते. सायंकाळी उजेड निम्मा झाला आणि छिद्र व संवेदनक्षमता तीच ठेवली, तर उद्‌भासनकाल दुप्पट होतो. हात पूर्वीच्याच वेगाने फिरला की पट्टाही दुप्पट लांबतो व झाडाची ओळख पुसली जाते. स्वयंचलित कॅमेरा हा बदल मुकाट्याने करतो, त्यामुळे नवशिक्याला दोष हाताचाच वाटतो. हाताचा वेग निम्मा करणे हा त्यावर एक उपाय. भर उन्हात पानांआडून दिसणारे आकाशाचे ठिपके पांढऱ्या रेघा होऊन खोडांवर चढतात. ढगाळ हवेत हा उपद्रव पुष्कळ कमी असतो.