हिवाळ्यातील बदके आणि गोट्यांखालचे तेल

माणूस आजारी पडला की डॉक्टर नाडी पाहतात, रक्त तपासतात. पण बर्फाळ समुद्रावर लाटांशी झुंजत असलेल्या रानटी बदकाची प्रकृती कशी तपासायची? लांबून दुर्बिणीतून तर सारीच बदके ठणठणीत दिसतात. अशक्त झालेला पक्षी फार काळ दिसतच नाही. तो गरुडाच्या तोंडी जातो किंवा समुद्रात नाहीसा होतो. त्यामुळे केवळ शिरगणती करून भागत नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात अलास्कातील शास्त्रज्ञांची जवळपास दोन तपे गेली, आणि त्याला कारणीभूत ठरला एक अपघात.

२४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन व्हाल्डिझ' हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमधील ब्लाय रीफ या खडकावर आदळले आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चे तेल समुद्रात सांडले. लाखो पक्षी तत्काळ मेले. किनारे धुण्यात आले, काही वर्षांत वरवरचे तेल दिसेनासे झाले. सर्वसामान्यांच्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपले. पण त्या किनाऱ्यांवर हिवाळा काढणाऱ्या हार्लेक्विन नावाच्या छोट्या समुद्री बदकांच्या बाबतीत मात्र ते संपले नव्हते.

हे बदक जेमतेम सहाशे ग्रॅम वजनाचे. उन्हाळ्यात डोंगरातील खळाळत्या ओढ्यांकाठी अंडी घालायची आणि वर्षाचा उरलेला बहुतेक काळ समुद्रावर काढायचा, असा त्याचा क्रम. हिवाळ्यात तेथे दिवस सहा तासांच्याही आत येतो. हा पक्षी दिवसाउजेडीच बुडी मारून गोगलगायी, शिंपले आणि कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव वेचतो. अंग लहान म्हणून उष्णता लवकर निघून जाते, आणि अंगावर चरबीचा साठाही बेताचाच. साहजिकच उजेडाचा बहुतेक वेळ खाण्यातच जातो. जमाखर्चाची तोंडमिळवणी अशी काठावरची असताना शरीरावर आणखी थोडासा जरी भार पडला, तरी तो जिवावर बेततो. म्हणूनच प्रकृतीची खरी परीक्षा हिवाळ्यात होते.

ही परीक्षा घेण्याची पद्धत मोठी चिकाटीची आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस या बदकांची उड्डाणपिसे एकदम झडतात आणि काही आठवडे त्यांना उडता येत नाही. ही संधी साधून छोट्या कयाक होड्यांनी त्यांना हाकत हाकत जाळ्यात आणले जाते. डॅनियल एस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ माद्यांना भूल देऊन त्यांच्या पोटात लहानसा रेडिओ ट्रान्समीटर बसवला आणि १९९५ ते १९९८ या काळातील तीन हिवाळे विमानातून त्यांचा माग ठेवला. मादी मेली की संदेशाची लय बदले. माद्याच का निवडल्या? कारण हा पक्षी सावकाश वाढणारा. प्रौढ माद्या किती जगतात यावरच कळपाचे भवितव्य ठरते.

तेल न पोहोचलेल्या माँटेग्यू बेटाच्या परिसरात सुमारे ८४ टक्के माद्या हिवाळा तरून गेल्या. तेल लागलेल्या किनाऱ्यांवर सुमारे ७८ टक्के. वरकरणी फरक किरकोळ वाटतो. पण अंडी थोडी आणि प्रजननाला सुरुवात उशिरा, अशा पक्ष्यात दरवर्षी एवढी तूट आली तर कळप घटतच जातो.

तरीही हा दोष तेलाचाच, हे कशावरून? येथे यकृत साक्षीला आले. तेलातील काही घटक शरीरात शिरले की यकृतात सायटोक्रोम पी-४५० गटातील एक विकर वाढते. त्यासाठी पाण्यावर नकली बदके तरंगत ठेवून जाळ्यात पक्षी पकडायचे, भूल देऊन यकृताचा बारीकसा तुकडा काढायचा आणि पक्षी पुन्हा सोडून द्यायचा. १९९८ मध्ये तेलग्रस्त भागातील बदकांत या विकराचे प्रमाण स्पष्टपणे जास्त आढळले. विकर वाढणे म्हणजे आजार नव्हे, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे; तेलाशी संपर्क चालू असल्याची ती खूण आहे. जगण्याचे प्रमाण आणि ही खूण, दोन्ही एकत्र वाचली तरच अर्थ लागतो.

तेल येत होते ते पायाखालून. २००१ साली किनाऱ्यांवर सुमारे नऊ हजार खड्डे खणून पाहिले, तेव्हा तपासलेल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी गोट्यांखाली तेल सापडले. हार्लेक्विनचे भक्ष्य नेमके याच भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहते. शिवाय हा पक्षी वर्षानुवर्षे त्याच किनाऱ्याला चिकटून राहणारा. ही निष्ठाच त्याच्या अंगाशी आली.

२००० नंतरच्या हिवाळ्यांत दोन्ही भागांतील माद्यांच्या जगण्याच्या प्रमाणात फरक उरला नाही. यकृतातील खूण मात्र त्यानंतरही बरीच वर्षे दिसत राहिली. अपघाताला २४ वर्षे झाल्यावर, २०१३ मध्ये, दोन्हीकडील बदकांची यकृते प्रथमच सारखी आढळली. काही किनाऱ्यांवर गोट्यांखाली ते तेल त्यानंतरही शिल्लक होते. फक्त बदकांच्या चोचीपर्यंत ते पोहोचेनासे झाले होते.