हमरापूरच्या कारखान्यातला नवा लॅपटॉप

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर हमरापूरला उतरले की घरोघरी गणपतीचे कारखाने दिसतात. आमचाही त्यांतलाच एक. साचे आणि आखणी दादांकडे, हिशेब आणि ऑर्डरींची यादी माझ्याकडे. गेल्या मार्गशीर्षात जुना संगणक बंद पडला आणि नवा लॅपटॉप आला. दुकानदाराने त्यात वीसेक ॲप आधीच भरून दिली होती. पण ज्यासाठी तो घेतला, ती २००६पासूनची ग्राहकांची यादी उघडली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरे आणि कंस, टिंबे! व्यापाऱ्यांची नावे, मूर्तीची उंची, पीतांबराचा रंग, सारे त्यात गडप.

कारण शोधले तेव्हा उलगडा झाला. जुने मराठी फॉन्ट एक युक्ती करीत. संगणक इंग्रजी अक्षरच साठवी, फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवी. फॉन्ट गेला की मुखवटा गळून पडतो. अशा यादीत नाव शोधणे कठीण, आणि अकारविल्हे लावायला गेलात तर क्रम लागतो तो इंग्रजीचा. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे.

म्हणून माझ्या मते पहिले ‘ॲप’ म्हणजे मराठी कळफलक, आणि तो विकत घ्यावा लागत नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडली की मिळतो. मी इनस्क्रिप्ट शिकलो. स्वर डावीकडे, व्यंजने बहुतांशी उजवीकडे. के दाबले की क, डी दाबले की हलन्त, जे दाबले की र. तिन्ही ओळीने दाबले की क्र. पंधरा दिवस बोटे अडखळली. पुतणी उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांतून टंकते, तेही चालते. साठवण दोन्हीकडे युनिकोडचीच.

दुसरे लिब्रेऑफिस. ते फुकट आहे आणि त्यातल्या कॅल्कमध्ये आमची यादी बसली. रंगकामाच्या दिवसांत ‘दीड फुटी, निळा पीतांबर’ अशा किती मूर्ती राहिल्या हे चाळणी लावून क्षणात कळते. पूर्वी त्यासाठी वही चाळत बसावे लागे. बाकीच्यांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. विंडोजचा स्वतःचा व्हायरसरोधक पुरतो, पीडीएफ ब्राउझरमध्येच उघडते. दुकानदाराची महिनाभर फुकट आणि मग पैसे मागणारी ॲप मी काढून टाकली. पुतण्याला मूर्तीचे नमुने पडद्यावर घडवायला ब्लेंडर हवे आहे. तेही फुकट, पण लॅपटॉपची ताकद पाहूनच घालावे. तोवर दादांचा हात आहेच.

जुनी यादी परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणली, पण एका फटक्यात नाही. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकत, युनिकोडमध्ये ती नंतर येते. परिवर्तक तिथे आणि जोडाक्षरांत घसरला. निळ्याचा कुठे भलताच रंग झाला, आडनावे मोडली. दादा रोज संध्याकाळी शेजारी बसले. ‘अडीच फूट, लालबागी घडण, उजवा हात थोडा वर’ एवढे वाचून दाखवले की ते ग्राहकाचे नाव सांगत. मी ते टंकून घेई आणि प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवी. अकरा नावे अजून लागलेली नाहीत. त्यांतले कोणी गणपती ठरवायला आले, की त्यांनाच विचारू.