कंपाइल केलं म्हणजे लपलं असं नाही

आजचा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. सोर्स कोड कुणाला दिलाच नाही, फक्त तयार ईएक्सई फाइल दिली, तर आतलं सगळं सुरक्षित राहतं ना? एकेकाळी मीही बेधडक 'हो' म्हणालो असतो.

तेव्हा मी दुकानदारांसाठी बिलिंगचा एक प्रोग्राम सी भाषेत लिहिला होता. सगळ्यांच्या उधारीचे हिशेब माझ्या एका सर्व्हरवर, आणि त्या सर्व्हरचा पासवर्ड सरळ प्रोग्राममध्येच लिहिलेला. कंपाइल झाल्यावर तो कोण वाचणार? ओळखीतल्या एका मुलाने त्या फाइलवर स्ट्रिंग्ज नावाची साधी कमांड चालवली आणि मिनिटभरात पासवर्ड माझ्यासमोर स्क्रीनवर आला. मुलगा भला होता, म्हणून निभावलं. नाहीतर माझ्या चुकीपायी कित्येक दुकानांची खाती उघडी पडली असती.

आता कंपायलर नेमकं काय करतो ते पाहू. तो आपला कोड प्रोसेसरच्या सूचनांमध्ये बदलतो. कॉमेंट्स जातात, व्हेरिएबलची नावंही बहुतेक जातात. पण प्रोग्रामचा तर्क जात नाही, कारण प्रोसेसरला तोच तर चालवायचा असतो. आणि जे प्रोसेसरला कळतं, ते चिकाटीच्या माणसालाही कळतं. 2019 मध्ये अमेरिकेच्या एनएसएने घिड्रा हे साधन सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. ते मशीन कोडवरून सी भाषेसारखा कोड तयार करून देतं. जावा आणि डॉटनेटमध्ये काम आणखी सोपं, कारण तिथे क्लास आणि मेथडची नावंसुद्धा शिल्लक असतात.

लायसन्सची तपासणीच घ्या. 'की बरोबर आहे का?' हा प्रश्न शेवटी एका जंपवर येऊन ठेपतो. एक्स86 प्रोसेसरवर हेक्समधला 74 हा बाइट म्हणजे 'समान असेल तर उडी मार' आणि 75 म्हणजे 'समान नसेल तर'. तो एक बाइट बदलला की चुकीची की चालायला लागते.

मग उपाय काय? पहिला, सिंबॉल काढून टाकणे, म्हणजे स्ट्रिप करणे. दुसरा, ऑब्फस्केशन. अँड्रॉइडवर आर8 हे साधन नावांच्या जागी ए, बी, सी अशी अक्षरं टाकतं. तिसरा, पॅकिंग. पण यूपीएक्सने केलेलं साधं पॅकिंग त्याच यूपीएक्सच्या एका पर्यायाने सुटतं. चौथा, डीबगर लावलेला ओळखून प्रोग्राम बंद पाडणे. यातल्या काही उपायांची किंमत मोजावी लागते. वेग कमी होतो, अँटीव्हायरस विनाकारण संशय घेतो, आणि प्रोग्राम क्रॅश झाला तर त्याचा अहवाल आपल्यालाच वाचता येत नाही. म्हणून मूळ नावांची मॅपिंग फाइल जपून ठेवा.

एवढं करूनही खात्री नाहीच. स्काइपने एन्क्रिप्ट केलेला कोड, स्वतःत फेरफार झाला का ते पाहणाऱ्या तपासण्या, डीबगरसाठी सापळे असे थरावर थर चढवले होते. तरीही 2006 मध्ये ब्लॅक हॅट युरोप परिषदेत दोन संशोधकांनी ते कसे उलगडले ते दाखवलं. या उपायांनी समोरच्याचा वेळ जातो, खर्च वाढतो. तो कायमचा थांबत नाही.

म्हणून माझा नियम साधा आहे: जे दिसायला नको, ते ग्राहकाच्या मशीनवर पाठवायचंच नाही. मी तो पासवर्ड त्याच दिवशी बदलला. प्रत्येक दुकानाला वेगळं लॉगिन दिलं, आणि कोण काय पाहू शकतो ते सर्व्हरवरच ठरवलं. लायसन्स फाइलवर डिजिटल सही केली. प्रायव्हेट की माझ्याकडे, प्रोग्राममध्ये फक्त पब्लिक की. कुणी प्रोग्राममध्ये फेरफार करून तपासणी टाळू शकेल, पण माझ्या सहीचं खोटं लायसन्स बनवू शकणार नाही.

एक गोष्ट कायद्याची. प्रोग्राम उघडून पाहणारा प्रत्येक जण चोर नसतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 प्रोग्राम कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला, आपला स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जोडण्यासाठी लागणारी आणि इतरत्र सहज न मिळणारी माहिती काढायची मुभा देतं.

तेव्हा आज एक काम करा. स्वतःच्या फाइलवर स्ट्रिंग्ज कमांड चालवून पाहा. काय सापडतं, ते दुसऱ्या कुणाच्या आधी तुम्हाला कळू दे. भेटू पुढच्या भागात.