खजिना कोणाचा?
किशोरांच्या रहस्य-साहसकथांचा हिशेब

उन्हाळ्याची सुट्टी लागली की लकडगंजातील व्यापारी घरांत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो : मुलांची दुपार कशात जावी? नागपूरच्या मे महिन्यात घराबाहेर पडण्याची सोय नाही आणि मोबाइल हातातून सुटत नाही. अशा वेळी बारा-चौदा वर्षांच्या मुलाने एखादी रहस्यकथा उघडली, तर ‘हे वाचून परीक्षेत काय मिळणार?’ असे वडीलधारे विचारतात. हिशेबाला पक्क्या असलेल्या घरांनी हा प्रश्न विचारणे रास्तच आहे. त्याचे उत्तरही जमा-खर्च मांडूनच द्यायला हवे.

मराठी किशोरांना साहसाची गोडी लावण्याचे मोठे श्रेय भा. रा. भागवत (1910-2001) यांना जाते. त्यांनी 1951 साली ‘बालमित्र’ हे मासिक सुरू केले आणि ज्यूल व्हर्नच्या अद्भुत कादंबऱ्या मराठीत आणल्या. पण घराघरांत पोहोचला तो त्यांचा मानसपुत्र बनेश ऊर्फ फास्टर फेणे. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा कधी प्रतापगडावर जातो, तर कधी गुलमर्गला. त्याच्याजवळ पैसा नाही, शरीरबळ नाही. आहेत ते तीक्ष्ण डोळे, चपळ पाय आणि मित्रासाठी धावून जाण्याची वृत्ती. पुढे दूरदर्शनवर त्याची मालिका झाली आणि 2017 मध्ये चित्रपटही आला. भागवतांनीच ‘बिपिन बुकलवार’ हा आणखी एक बालनायक घडवला. नावाप्रमाणेच तो पुस्तकांत बुडालेला!

अन्य भाषांतील ठेवाही मराठीत आला आहे. सत्यजित राय यांनी 1965 पासून ‘संदेश’ या बंगाली बालमासिकात फेलूदाच्या कथा लिहिल्या. पत्रकार अशोक जैन यांनी त्या मराठी वाचकांना दिल्या. त्यांतील सोनेरी किल्ल्याची कथा जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटात घडते. ज्यांचे पूर्वज मारवाडातून विदर्भात आले, त्या घरांतील मुलांना ती वाचताना आजी-आजोबांच्या मुलखाची ओळख होईल.

या कथांतून मुलाला पहिली मिळते ती पुराव्याची शिस्त. रहस्यकथेत प्रत्येक पात्र काही सांगते. त्यातले खरे किती, हे वाचकाला ताडून पाहावे लागते. पेढीवरचे काम याहून फार निराळे नाही. रोजमेळावरून खतावणी होते आणि तेरीज जुळली नाही की चूक कोठे दडली आहे, याचा माग काढत मागे जावे लागते. चिडून चालत नाही, अंदाजाने आकडा बसवूनही चालत नाही. तेरीज जुळवणारा मुनीम आणि धागेदोरे जुळवणारा गुप्तहेर यांची बैठक एकच असते.

दुसरी मिळकत याहून मोलाची आहे. गुप्तधनाच्या कथेत ‘खजिना कोठे आहे?’ हा प्रश्न वाचकाला शेवटपर्यंत ओढत नेतो. पण कथेचा कस लागतो तो ‘खजिना कोणाचा?’ या प्रश्नावर. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ 1883 साली पुस्तकरूपाने आली आणि नकाशा, चाचे व पुरलेले धन यांची ही कथा जगभर वाचली गेली. तिच्या आरंभी एक प्रसंग आहे. खाणावळीत उतरलेला जुना खलाशी पैसे थकवून मरण पावतो. चाचे कोणत्याही क्षणी येऊन धडकतील अशी स्थिती. मृताची पेटी उघडली जाते. आत देशोदेशीची नाणी. जिमची आई मात्र आपल्या येण्यापुरतीच रक्कम मोजून घेऊ लागते. कमी नको आणि एक छदामही जास्त नको. जीव धोक्यात घालून चाललेली ही मोजणी मुलांना वेडेपणाची वाटते. व्यापारी घरातील आईला तिचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथाचे नावच ‘रत्नांची पेटी’ असे आहे. त्यात अचौर्य अणुव्रत सांगताना ठेवलेले, पडलेले आणि विसरलेले परद्रव्यही घेऊ नये, असे म्हटले आहे. खजिन्याच्या कथेतील सारा पेच या तीन शब्दांत आला.

देशाचा कायदाही हाच प्रश्न विचारतो. 1878 चा भारतीय निखात निधी कायदा सांगतो की, जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. काय सापडले, किती, कोठे आणि केव्हा, हे सारे नमूद करावे. चौकशीअंती ते बेवारस ठरले आणि जागेचा मालक वेगळा असला, तर आपसांत करार नसल्यास तीन-चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याला आणि एक-चतुर्थांश मालकाला मिळतो. सरकारला ते हवे असेल, तर धातूच्या मोलावर आणखी एक-पंचमांश रक्कम देऊन घेता येते. लपवून ठेवणाऱ्याला मात्र एक वर्षापर्यंतची कैद होऊ शकते. कथा वाचून झाल्यावर ही वाटणी मुलाला कागदावर करायला सांगावी. गणितही होईल आणि नीतीही.

खऱ्या निधीचे दर्शन घेण्यासाठी लकडगंजच्या मुलांना फार दूर जावे लागत नाही. 1863 मध्ये स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच आपला ‘अजब बंगला’, याच शहरात आहे. अकोला जिल्ह्यातील राजनापूर खिनखिनी येथे जमिनीत सापडलेल्या प्राचीन जैन धातुप्रतिमा या संग्रहालयात आहेत. कोण्या काळी कोणीतरी त्या मातीखाली ठेवल्या. संकट आले होते का? ठेवणारे परत का आले नाहीत? एकाही कादंबरीला हार न जाणारे हे रहस्य आहे. सापडलेल्या प्रतिमा परस्पर सोनार-कासारांच्या भट्टीत गेल्या असत्या, तर आज डोळ्यांना दिसल्याच नसत्या.

दुसरे उदाहरण आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा गावाचे. 1939 साली तेथे सातवाहनांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा मिळाला. नाणी सोन्याची नव्हती, हलक्या मिश्रधातूची होती. तराजूत घातली असती तर मोल नगण्य. परंतु नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी त्यांवरील अक्षरे वाचली, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली राजांची नावे उजेडात आली. खजिन्याची किंमत वजनावर ठरत नाही, हे या नाण्यांइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

एक सांकेतिक लिपी तर अनेकांच्या घरीच पडून आहे. आजोबा-पणजोबांच्या लाल बासनातील वह्या मोडीत किंवा महाजनीत लिहिलेल्या असतात. महाजनीत काना-मात्रा गाळण्याची पद्धत. त्यामुळे ‘काकाजी अजमेर गया’ हे पत्र घरच्यांनी ‘काकाजी आज मर गया’ असे वाचले आणि रडारड झाली, हा किस्सा मारवाडी घरांत अजूनही सांगितला जातो. नातवाने आजोबांजवळ बसून अशा वहीचे एक पान जरी लावले, तरी कोणते गाव, कोणता माल, कोणाची उधारी, हे सारे हळूहळू उलगडत जाईल.

राहिला खर्चाचा रकाना. काही कथांत गुन्हेगार विशिष्ट जातीचा वा रंगाचा दाखवलेला असतो, काहींत मारामारी नको तितकी असते. परदेशी पुस्तकांत खाण्यापिण्याचे प्रकारही आपल्या घराहून वेगळे असतात. म्हणून पालकांनी पुस्तक आधी चाळावे. मात्र वरचेवर हिरावून घेऊ नये. आज बहुतेक मुले इंग्रजी माध्यमात शिकतात, घरी हिंदी, गुजराती किंवा मारवाडी बोलतात. 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. पण सक्तीने गुण मिळतात, गोडी लागत नाही. पुढे काय झाले, या उत्सुकतेने पान उलटणारे मूल भाषा नकळत आत्मसात करते. उद्या दुकानात बसल्यावर ज्या गिऱ्हाइकाशी, हमालाशी आणि कचेरीशी बोलायचे आहे, त्यांची ही भाषा आहे.

या सुट्टीत घरात एक फास्टर फेणे यावा, एक फेलूदा यावा आणि एखाद्या रविवारी अजब बंगल्याची फेरी व्हावी. रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाला एवढेच विचारावे : ‘खजिना सापडला, हे कळले, पण तो होता कोणाचा?’ त्याचे उत्तर मुलाने स्वतः शोधावे.