हातब्रेकाची दुरुस्ती

चाकणच्या बाजारी कांदा नेणारी जुनी पिकअप गाडी खेडच्या घाटात हातब्रेकाने उभी राहीनाशी झाली, म्हणजे पुष्कळ जण लागलीच तार ताणितात. आमच्या मते ही रीत उलटी होय. तेणेकरून ड्रममधील तरफ अर्धी ओढलेलीच राहते व पुढे ओढीस वाव उरत नाही. प्रथम सपाट जागी पुढील चाकांस उटी लावावी, मागील बाजू जॅकने उचलून घोडीवर टेकवावी व तार ढिली करावी. मग ॲडजस्टर फिरवून ब्रेक-शू चाक अडेपर्यंत ड्रमास भिडवावे आणि चाक मोकळे फिरेल इतकेच मागे घ्यावे. नंतरच तार बेताने ताणावी. लायनर तेलाने भिजले असल्यास गळके सीलही बदलावे. तथापि भरली गाडी चढावर उटीवांचून कधीही सोडू नये.