मावशीच्या व्हीसीआरमधले उरलेले तीन तास

माझी रूममेट प्रेमकथा दीडपट स्पीडने बघते. मिठीचे सीन नॉर्मल स्पीडला, बाकी सगळं पळवत. तिचा हिशेब साधा आहे. सोळा एपिसोड, एक वीकेंड आणि सोमवारी सकाळी नऊची मीटिंग. 'स्टोरी तर कळते ना?' हा तिचा फंडा. परवा एका कोरियन राजपुत्राने नायिकेला हो म्हणायला नऊ एपिसोड घेतले, ते तिने जेवता जेवता उरकले.

तिला हसायचा मला हक्क नाही. कारण मी आयुष्यातली पहिली पीरियड लव्हस्टोरी बघितली, तीच मुळात कापलेली होती. तीही थोडीथोडकी नाही, अर्ध्याहून जास्त!

साल २००३ असेल. मी सहा-सात वर्षांची. मे महिन्याच्या सुट्टीत डोंबिवलीला मावशीकडे राहायला जायचे. तिच्याकडे दुबईहून आलेला मल्टिसिस्टिम व्हीसीआर होता आणि त्याचा तिला भारी अभिमान. कारण अमेरिकेतली एनटीएससी कॅसेट आपल्याकडच्या साध्या पाल व्हीसीआरवर धड चालायची नाही, हिच्याकडे मात्र चालायची. न्यू जर्सीच्या नातेवाइकांनी कधीतरी आणलेल्या चार-पाच कॅसेट टीव्हीखालच्या कपाटात होत्या. त्यातली एक 'ब्लेड ऑफ स्टील'. नावावरून मारामारीचा पिक्चर वाटावा. मावशी म्हणायची, "नावावर जाऊ नकोस गं, लव्हस्टोरी आहे."

आणि ती होतीच. 'ब्लेड ऑफ स्टील' म्हणजे 'द फार पॅव्हिलियन्स' या मालिकेची दोनेक तासांत बसवलेली आवृत्ती. मूळ मालिका तीन भागांची, पाच तासांहून मोठी. गोल्डक्रेस्ट या ब्रिटिश कंपनीने ती अमेरिकेतल्या एचबीओसाठी काढली आणि एचबीओची ती पहिलीच मिनिसीरिज. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८४ मध्ये दाखवली गेली, अमेरिकेत त्याच वर्षी एप्रिलमध्ये. गोष्ट एम. एम. के या बाईंच्या १९७८ च्या कादंबरीची. बाई सिमल्यात जन्मलेल्या, आणि पुस्तक हजार पानांच्या घरातलं. म्हणजे हजार पानांचे पाच तास, पाच तासांचे दोन. आपण रेझ्युमे एका पानात बसवतो ना, तसंच काहीसं.

दोनच तास का? त्या काळातल्या सगळ्यात कॉमन अमेरिकन व्हीएचएस कॅसेटचं नाव टी-१२० होतं. स्टँडर्ड स्पीडला बरोबर १२० मिनिटं. दोन तासांची वस्तू एका कॅसेटमध्ये मावते, एका डब्यात विकता येते आणि भाड्याने नेणारा एका रात्रीत बघून परत करतो. प्रेमाची लांबी प्लास्टिकच्या डब्याने ठरवायची, याला रोमँटिक म्हणणं जरा कठीणच आहे.

गोष्ट थोडक्यात (बघा, मीही तेच करतेय!) अशी. ॲश नावाचा इंग्रज मुलगा. आईवडील नाहीत. १८५७ च्या धामधुमीत त्याची आया सीता त्याला अशोक म्हणून, स्वतःचा मुलगा म्हणून वाढवते. एका संस्थानात तो चाकरी करतो. तिथल्या दुर्लक्षित राजकन्येशी, अंजुलीशी त्याची मैत्री होते. मग कळतं की आपण साहेब आहोत. इंग्लंड, शिक्षण, आणि परत येतो तो 'गाइड्स' पलटणीचा अधिकारी होऊन. त्याच्यावर काम येतं दोन राजकन्यांची वरात भिठोरच्या राण्याकडे पोचवायचं. त्यातली एक अंजुली. पुढे राणा मरतो, धाकटी शुशिला सती जाते, ॲश अंजुलीला तिथून पळवतो. शेवट १८७९ च्या काबूलमध्ये, ब्रिटिश रेसिडेन्सीवरच्या हल्ल्यात.

आता यातलं काय कापाल? हत्ती कापवत नाहीत, त्यांच्यावर खर्च झालेला असतो. चिता, काबूलची लढाई, तलवारी तर हव्यातच. मग आधी कात्री लागते बालपणाला आणि प्रवासाला. आणि माझं म्हणणं असं की प्रेम नेमकं तिथेच आहे! लांबलचक वरात, रोज नवा मुक्काम, आणि बोलायचं तर सगळ्यांच्या नजरा चुकवून. कादंबरीत नदी ओलांडताना बैलांचा रथ अडकतो, ॲश तिला बाहेर काढतो आणि मग हळूहळू उलगडतं की ही तीच. लहानपणी दोघांनी एका शिंपल्याच्या माशाचे दोन तुकडे करून वाटून घेतलेले असतात. तुकडे वाटताना तुम्ही हजर नसाल, तर ते जुळल्यावर तुमच्या पोटात काही हलत नाही. सहा वर्षांच्या मला तर कळलंच नव्हतं की ही दोघं एकमेकांना आधीपासून ओळखतात.

आणखी एक गडबड होते, आणि ती मला मोठेपणी कळली. पाच तासांचा ॲश आपण नक्की कोण, या प्रश्नाने पोखरलेला आहे. त्याची आई सीता, मनातली भाषा इथली, अंगावर युनिफॉर्म तिथला. सीतेबरोबरचे दिवस छाटले की उरतो फक्त गोरा साहेब, जो सावळ्या राजकन्येला चितेवरून वाचवतो. तीच माणसं, तेच सीन, आणि गोष्ट चक्क वेगळी. मूळ मालिकाही काही सोवळी नव्हती म्हणा. सलमान रश्दींनी १९८४ मध्येच 'आउटसाइड द व्हेल' या निबंधात त्या वर्षीच्या सगळ्या राज-नॉस्टॅल्जियाला धुतलं होतं, त्यात हीसुद्धा होती. अंजुली झालेली एमी अर्व्हिंग अमेरिकन, चेहऱ्याला तपकिरी रंग फासलेला. राणा झालेला रोसानो ब्रात्सी इटालियन. काकाजी राव म्हणजे ड्रॅक्युलावाला ख्रिस्तोफर ली! मावशी त्याला शेवटपर्यंत 'ड्रॅक्युला काका' म्हणायची. आपले सईद जाफरी होते, तर ते खलनायक. पृथ्वी थिएटरवाल्या जेनिफर केंडलही एका छोट्या भूमिकेत आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या गेल्या.

सतीच्या सीनला मावशी हमखास पॉज दाबायची. तिच्या डोक्यात तिथे दुसरीच मालिका सुरू व्हायची. 'स्वामी', दूरदर्शन, १९८७, मृणाल कुलकर्णींची रमाबाई. सती तिथेही आहे, थेऊरला, १७७२ मध्ये. पण ती तिच्या पिढीने डोळे पुसत बघितली. "तेव्हा रडलो आम्ही, आता राग येतो," असं ती एकदा म्हणाली होती. मग लगेच प्ले. 'स्वामी'तलं प्रेमही मुळात दोन मुलांनी हळूहळू एकमेकांना ओळखण्यातलं. ते कुणी दोन तासांत बसवलं तर फक्त थेऊर उरेल.

तर ही कॅसेट आम्ही बघायचो अशी. मावशीने कादंबरी वाचलेली होती. कॅसेटमध्ये गोष्टीने उडी मारली की ती पॉज दाबायची आणि मधला भाग स्वतः सांगायची. पडद्यावर थरथरणारा हत्ती, खाली पांढऱ्या रेघा आणि मावशीचा आवाज. काका कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले. दोन तासांची कॅसेट संपायला आम्हाला दोन दुपारी लागायच्या. कापलेले तीन तास मावशीने असे परत जोडले होते.

त्यातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग वरातीतला. अंजुलीला रथाच्या हिंदकळण्याने मळमळतं. कुणाला सांगायची सोय नाही. ॲशच्या ते लक्षात येतं, आणि त्या दिवसापासून प्रत्येक मुक्कामाला तो दासीच्या हातून रुमालाच्या गाठीत आवळासुपारी पाठवतो. चिठ्ठी नाही, निरोप नाही. तिसऱ्या दिवशी रिकामा रुमाल परत येतो, धुऊन, घडी घालून. कॉलेजात 'आयडियल बॉयफ्रेंड कसा हवा' यावर जे अखंड परिसंवाद चालतात, त्यात मी हा रुमाल किती वेळा सांगितला असेल!

गेल्या दिवाळीत न्यू जर्सीच्या मावसभावाने मला पूर्ण मालिकेचा डीव्हीडी सेट आणून दिला. आता डीव्हीडी प्लेअर शोधणं हेही एक शोधकार्यच, पण सापडला. डोंबिवलीला गेले. काका जाऊन चार वर्षं झाली, व्हीसीआर भंगारात गेला, टीव्ही भिंतीवर चढला. मावशी आणि मी दोन रात्रींत पाच तास बघितले, एक सेकंदही न पळवता. जॅक कार्डिफचा कॅमेरा, जयपूरजवळच्या सामोदचा महाल, वरातीची धूळ. काही ठिकाणी कंटाळा आला, खोटं का बोलू. पण ॲश आणि अंजुली पहिल्यांदा नीट बोलतात, तिथे आम्ही दोघी गप्प होतो.

आवळासुपारी मात्र आली नाही.

मला वाटलं, डुलकी लागली असेल. रिवाइंड केलं. नाही. घरी येऊन कादंबरी मिळवली, वरातीची सगळी पानं वाचून काढली. नदी आहे, रथ आहे, शिंपल्याचा मासा आहे. रुमाल नाही. मावशीला फोन लावला.

"अगं, नाहीये ते," ती म्हणाली. "तिथे कॅसेटमध्ये एकदम उडी होती ना. काहीतरी घालायला हवं होतं."

"पण आवळासुपारी? इंग्रज अधिकारी?"

"मग काय घालणार होते? लग्न ठरल्यावर आम्ही सगळे एसटीने महाबळेश्वरला गेलो होतो. घाटात मला किती त्रास होतो, तुला माहितेय. सासूबाई शेजारी, तुझे काका चार सीट पुढे. बोलायची सोय नाही." थोडं थांबून ती म्हणाली, "कंडक्टरच्या हातून पाठवली होती त्यांनी."